भीती खरी, पत्ता चुकीचा

‘कॉमिक्स’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडील सुशिक्षितांच्या कपाळाला आठ्या पडतात. पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचावयाची आणि सापडल्यास फाडली जावयाची, अशी ही वस्तू. वाङ्मयाच्या पंगतीत तिला पाट मांडावा असे सहसा कोणी म्हणत नाही. त्यातून गोष्ट जर परग्रहावरून आलेल्या यंत्रमानवांची असेल, तर मग विचारावयासच नको! तरीही या उपेक्षित गोष्टींविषयी चार शब्द लिहावेत असे मला वाटते. कारण त्यांच्यात जी भीती आहे ती आपल्या गावांतही आहे, आणि त्यांच्यात जी चूक आहे ती आपणही रोज करीत असतो.

गोष्टीचा सांगाडा ठरलेला असतो. दूरच्या ग्रहावरून यंत्रमानव येतात. सैन्य नाही, तोफा नाहीत. ते गुपचूप माणसांच्या मनाचा ताबा घेतात. शहराचा महापौर, पोलिसांचा प्रमुख, शाळेतले मास्तर, घरातली आई, सगळे वरून तेच दिसतात. आतून मात्र दुसऱ्याच्या हुकमाने चालतात. हे एकट्या एका पोराला कळते आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. शेवटी तो कोठेतरी दडवलेले मुख्य यंत्र फोडतो आणि सारी माणसे झोपेतून उठावीत तशी भानावर येतात. संपली गोष्ट.

मराठी वाचकाला या चित्रमय दुनियेची ओळख करून दिली ती प्रामुख्याने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका मराठीतही निघत असे. १९९० मध्ये ती बंद पडली. वेताळ आणि जादूगार मँड्रेक हे तिचे मानकरी. फ्लॅश गॉर्डनच्या परग्रहावरील मोहिमाही तिच्यातूनच आल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या सोनाळ्यात माझ्या काकांच्या पेटीत त्यांतले काही अंक अजून आहेत. ज्यांनी ज्यांनी ते वाचावयास नेले त्यांची नावे मुखपृष्ठाच्या आत पेन्सिलीने लिहिलेली आहेत. एकेका अंकावर दहा-दहा, बारा-बारा नावे! ज्या वाङ्मयाला इतके वाचक लाभतात, त्याची केवळ चेष्टा करून भागणार नाही. ते काय सांगते हे तपासले पाहिजे.

तपास शब्दापासूनच सुरू करू. यंत्रमानवासाठी जगभर रूढ झालेला ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून आला. १९२० मध्ये लिहिलेले हे नाटक १९२१ मध्ये रंगभूमीवर आले. शब्द सुचविला तो त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे कुळांनी सक्तीने करावयाचे काम. आपल्याकडे त्याला चपखल शब्द आहे, वेठ. म्हणजे रोबो हा मूळचा वेठबिगार! तो आकाशातून पडलेला नव्हता. माणसाच्याच कारखान्यात, माणसाच्याच नफ्यासाठी तयार झालेला होता. नाटकात तो मालकांवर उलटतो. पुढे कॉमिक्सवाल्यांनी त्याला परग्रहावर धाडले आणि मालकाचा प्रश्नच नाहीसा झाला. मंगळावरून आलेल्याला कोणी विचारावे, ‘बाबा रे, तुझा मालक कोण?’

१९५० नंतरच्या अमेरिकेत या प्रकारच्या गोष्टींना ऊत आला. रॉबर्ट हाइनलाइनची ‘द पपेट मास्टर्स’ ही कादंबरी १९५१ ची. ‘इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स’ हा चित्रपट १९५३ चा. त्यात मंगळावरचे आगंतुक माणसांच्या मानेत बारीकसे यंत्र बसवून त्यांना ताब्यात घेतात. हाच काळ सिनेटर मॅकार्थी यांच्या आरोपसत्राचा होता. शेजारी, सहकारी, प्राध्यापक, कोणीही आतून कम्युनिस्ट असू शकेल या संशयाने तेथे कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. तो संशयच मंगळाचा मुखवटा लावून पडद्यावर आला होता. गंमत पाहा, १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने पुस्तक लिहून असा आरोप केला की, मुलांची मने बिघडवीत आहेत ती कॉमिक्सच! त्यावर सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. आरोपी बदलला, आरोप तोच राहिला : कोणीतरी बाहेरचा आमच्या मुलांच्या डोक्यात शिरला आहे.

पण सर्वच कॉमिक्स या वाटेने गेली नाहीत. १९५३ मध्ये ‘वीअर्ड फँटसी’ या अमेरिकन मासिकात ‘जजमेंट डे’ नावाची एक छोटी चित्रकथा आली. लेखक अल फेल्डस्टीन, चित्रकार जो ऑर्लँडो. पृथ्वीचा एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहाची तपासणी करावयास जातो. तेथे नारिंगी आणि निळे असे दोन प्रकारचे यंत्रमानव आहेत. निळ्यांची वस्ती वेगळी, काम हलके, गाडीत जागा मागची. पाहुणा त्यांचा कारखाना बघतो, तर आतले सुटे भाग दोघांचे अगदी सारखे! फरक फक्त वरच्या आवरणाचा आणि त्यांच्यात जे शिक्षण भरले जाते त्याचा. पाहुणा त्या ग्रहाला आपल्या संघराज्यात प्रवेश नाकारतो. परतीच्या वाटेवर तो शिरस्त्राण काढतो तेव्हा वाचकाला कळते की तो कृष्णवर्णीय आहे. १९५६ मध्ये ही कथा पुन्हा छापताना आचारसंहितेच्या मंडळाने नेमक्या याच गोष्टीला हरकत घेतली. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी ती जुमानली नाही.

या कथेतही यंत्रमानवांच्या मनावर ताबा आहेच. पण तो परग्रहावरच्या कोणाचा नाही. ज्या शिकवणीने निळ्याला मागे बसावयास आणि नारिंगीला ते योग्य वाटावयास लावले, तिचा तो ताबा आहे. पंगती आणि पाणवठे ज्यांनी वेगळे पाहिले आहेत, त्या आपल्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या मराठीतही याहून खोल विचार झालेला आहे. डॉ. जयंत नारळीकर यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी १९८६ ची. उत्खननात एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातील ज्ञानाच्या आधारे आपलेच शास्त्रज्ञ एक अतिशय बुद्धिमान यंत्रमानव बनवितात. त्याचे नाव वामन! नावातच सारे मर्म आहे. पुराणातल्या वामनाने बळीचे राज्य हिसकावून घेतले नाही. मागितले आणि बळीने ते दिले. नारळीकरांचा यंत्रमानवही चोरून शिरत नाही. माणसेच मोठ्या हौसेने त्याला जन्म देतात. अमेरिकन कॉमिक्समधील मंगळवाल्यापेक्षा हा वामन मला अधिक खरा वाटतो आणि अधिक भयंकरही.

बाहेरून आलेल्याची गोष्ट आपल्या बुलढाणा जिल्ह्याला तर मुळीच नवी नाही. लोणारला आकाशातून खरोखरच एक पाहुणा आला होता. त्याने बसाल्टच्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाडले. ते आघाताने झालेले विवर आहे हे १९७० च्या दशकातील संशोधनाने पक्के केले. पण त्याच्या कितीतरी आधी लोकांनी त्या खड्ड्याची कथा रचली होती : तेथे जमिनीखाली लोणासुर राहत असे, लोकांना छळत असे, आणि विष्णूने पायाच्या अंगठ्याने झाकण उडवून त्याचा वध केला. आला होता दगड. दैत्य आपण घातला. ज्याचे कारण कळत नाही त्यामागे एखादी लपलेली सत्ता कल्पिणे हा मनुष्यस्वभाव आहे. पूर्वजांना त्याबद्दल दोष देता येणार नाही. आपल्याला मात्र देता येईल.

२०२१ मध्ये करोनाची लस आली तेव्हा तिच्यातून शरीरात चिप घालतात आणि माणसाला ताब्यात घेतात ही अफवा जगभर पसरली. आमच्या पारावरही ती ऐकू आली. ही तर १९५३ च्या त्या चित्रपटाची गोष्ट, शब्दाला शब्द! फरक एवढाच की चित्रपट पाहून लोक घरी जात. ही अफवा ऐकून काही लोक लस न घेता घरी गेले. गोष्ट गोष्ट म्हणून वाचावयाची सवय नसली की ती बातमी म्हणून वाचली जाते, आणि त्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते.

आणि तरीही, त्या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. आपल्यावर कोणाचा तरी अंमल चालतो आहे, ही जाणीव खरी आहे. कापसाच्या भावाचा विषय निघाला की आमच्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘वरूनच ठरते ना बावा सारं, आपल्या हातात काय हाये?’ हे ‘वर’ म्हणजे कोठे? मंगळावर? हमीभाव केंद्र सरकार कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून जाहीर करते. प्रत्यक्ष भाव बाजारात बोलला जातो. बोलणाऱ्याला नाव असते, पावतीवर सही असते. हातातल्या मोबाइलवर पुढचा व्हिडिओ कोणता यावा हे ठरविणारी यंत्रणाही माणसांनीच रचलेली आहे, आणि ती जाहिरातींच्या उत्पन्नासाठी रचलेली आहे. तासन्‌तास बोट सरकवून आपण त्या कंपन्यांना आपल्या आवडीनिवडी फुकट पुरवितो. चापेकचा शब्द आठवा, वेठ! यंत्र आपली वेठ करील म्हणून बनविले, आणि वेठीला आपणच लागलो.

माझे म्हणणे एवढेच की भीती खरी आहे, पत्ता चुकीचा आहे. परग्रहावरच्या यंत्रमानवांकडे बोट दाखविले की जबाबदार माणूस सुटतो आणि आपणही सुटतो. अर्ज करणे, हिशेब मागणे, सभेत उभे राहून विचारणे, काहीच करावे लागत नाही. गोष्टीतला पोरगा मात्र तसा बसून राहत नाही. कोणी विश्वास ठेवीत नसतानाही तो शोध घेतो. त्या गोष्टीतून घेण्यासारखे काही असेल तर ते त्याचे हे वागणे होय.

गुरुजनांना माझी विनंती आहे की, कॉमिक्स ग्रंथालयात येऊ द्यावीत आणि त्यांच्यावर वर्गात चर्चा होऊ द्यावी. मित्रहो, तुम्हांलाही एक सूचना. येत्या वर्षी आपल्या भित्तिपत्रकावर एक चित्रकथा आपण स्वतः काढू या. यंत्रमानव खुशाल असू दे. पण तो कोणी बनविला, कोणाच्या पैशाने बनविला आणि त्याला घरात कोणी घेतले, हे शेवटच्या चौकटीपर्यंत वाचकाला कळले पाहिजे. चित्रे काढणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. कापसाच्या एका पावतीपासून सुरुवात केली तरी चालेल.