नोंद गावाची, वही कोणाची?

२०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन ह्या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि ८०० च्या वर माणसे रुग्णालयांत दाखल झाली, ही गोष्ट आमच्या वाचकांच्या विस्मरणात गेली नसेल. त्या साली कपाशी पुरुषभर वाढली होती आणि फवारा उलट अंगावर येत होता, हे शेतात राबणाऱ्या प्रत्येकास दिसत होते. रुग्ण जुलैपासून येऊ लागले. राज्यास जाग आली ती ऑक्टोबरच्या तोंडावर. मधल्या काळात नोंद होत नव्हती काय? होत होती. रुग्णालयाच्या वहीत रोग्याचे नाव असते, गाव असते, तारीख असते. परंतु अमक्या गावचे तीन, तमक्या गावचे पाच अशी बेरीज मांडून ती त्याच गावच्या चावडीवर लावावी, हे काम मात्र कोणाचेच नव्हते. ती लागली असती तर चौथ्या मजुराने पंप पाठीवर घेण्यापूर्वी मालकाकडे हातमोजे आणि मुखवटा मागितला असता, एवढे मानण्यास आम्हांस अडचण वाटत नाही.

मोजणीचा दुष्काळ यवतमाळात कधीच नव्हता. २००६ साली यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांत शासनाने घरोघर फिरून १७ लाखांवर शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. कोणाच्या डोक्यावर कर्ज आहे, कोणाच्या घरी लग्नाची मुलगी आहे, कोणाकडे दुखणाईत माणूस आहे, हे सारे विचारण्यात आले. आकडे मुंबईस गेले, त्यांवर भाषणे झाली. आमचा प्रश्न एवढाच की, ज्या गावाने ही उत्तरे दिली त्या गावाच्या हाती त्याचे स्वतःचे पान परत किती ठिकाणी आले? शेतकरी आत्महत्यांचेही तेच. २००१ पासून त्यांची नोंद ठेवण्यात आली. परंतु ती प्रामुख्याने प्रकरण पात्र की अपात्र, एक लाखाचे साहाय्य द्यावयाचे की नाही, हे ठरविण्यासाठी. फाईल निकालात निघते, आणि त्याच वस्तीत पुढील घर कोणत्या वाटेने चालले आहे, हे कळण्यास ती निरुपयोगी ठरते.

वऱ्हाडात पूर्वी कोतवाल बुक असे. गावातील जन्म आणि मृत्यू त्यात टिपले जात. आज त्या जीर्ण पानांची आठवण होते ती जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांचे नाव शोधताना. त्या काळी गावात पटकी शिरली की तीच पाने भराभर भरत असतील, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. महिनाअखेर हजेरीची सरासरी काढून वर पाठवावी, असा शिरस्ता होता, आणि सरासरी बहुधा समाधानकारक असे. एकदा सहज म्हणून गैरहजर मुलांची नावे घरांप्रमाणे मांडून पाहिली. गावठाणातील मुले जवळजवळ सगळी येत होती; कापूसवेचणीच्या दिवसांत पोडावरची आणि तांड्यावरची मुले मात्र निम्म्याहून अधिक नव्हती. आम्ही तोवर त्यांस आळशी समजत होतो, हे कबूल केले पाहिजे. गावाच्या एका आकड्यात कोलामांचे पोड असे बुडून जाते.

शहराची गोष्ट निराळी नाही. २०१८ च्या टंचाईत निळोणा आणि चापडोह ह्या धरणांनी तळ गाठला, तेव्हा धरणातील साठा किती उरला हे सर्वांस ठाऊक होते. कोणत्या वॉर्डात कितव्या दिवशी नळ आला, हे ज्याचे त्यानेच आपल्या भिंतीवरील कॅलेंडरावर लिहून ठेवावे, अशी स्थिती होती.

वही वस्तीच्या हाती आली म्हणजे काय होते, ते पाहण्यास फार लांब जावयास नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना आरोग्यदूत केले. त्या बाळाचे वजन, ताप, श्वास वहीत मांडू लागल्या आणि जे दिसेल त्यावर तेथेच उपचार करू लागल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेस घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आहे. नगरकडील हिवरे बाजारात पावसाळा सरला की पाऊस व विहिरींची पातळी मोजून गावापुढे हिशेब ठेवतात, आणि कोणते पीक घ्यावयाचे ते ग्रामसभा त्यावरून ठरविते. पाणी कमी हे तर आपल्याकडील पोरासही कळते. किती कमी, हे मांडल्यावरच भांडण मिटते.

ह्यावर आक्षेप येईल की चावडीवर आकडे लावल्याने घरोघरची लाज वेशीवर टांगली जाईल. आक्षेप खरा आहे. म्हणूनच नावे नकोत. वस्तीवार संख्या पुरे. कर्जबाजारी कोण हे गावास सांगण्याची गरज नाही, अमुक वस्तीत पीककर्ज न मिळालेली घरे किती, हे सांगण्याची आहे. आशा व अंगणवाडी सेविका ह्यांच्यावर आणखी एक रजिस्टर लादावे, असेही आमचे म्हणणे नाही. त्या बिचाऱ्या आधीच पुष्कळ भरतात. भरलेल्यातून चार ओळी खाली उतरवाव्यात, इतकेच. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा मागणी होण्याची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन सरकारी कचेऱ्यांवर घालतोच.

जिल्हाधिकारी व जिल्हा परिषद ह्यांनी आरंभ फवारणीपासून करावा. जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, पोड आणि तांडे वेगळे दाखवून, त्या हंगामात विषबाधेने दवाखान्यात गेलेल्यांची संख्या दर सोमवारी लिहिली जावी, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती मोठ्याने वाचली जावी. फवारणीचे दिवस तेव्हा ऐन भरात असतात.