गावाला मोकळा राहील

परवा लंचला टीममधल्या एकाने विचारलं, "तुझ्याकडे हस्की आहे ना? मला वुल्फडॉग घ्यायचाय. सांग ना काहीतरी." मी म्हणालो, शनिवारी सविस्तर लिहितो. तर मित्रा, हे घे. वाचून झाल्यावर शिव्या दे, चालेल.

आधी माझी कथा सांगतो. २०२१ साली वर्क फ्रॉम होम चालू होतं, गेम ऑफ थ्रोन्स तिसऱ्यांदा बघून झालं होतं आणि डोक्यात एकच खूळ होतं, लांडग्यासारखा दिसणारा कुत्रा हवा! पुण्यात वन बीएचके, तिसरा मजला. तरी आणला. नाव अर्थातच घोस्ट.

मजा आली का? प्रचंड. हस्की भुंकत कमी, बोलतो जास्त. माझ्या स्टँडअप कॉलमध्ये तो मॅनेजरपेक्षा जास्त बोलायचा. पहाटे साडेपाचला तळजाईवर त्याच्यामागे पळताना आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन कमी झालं. ते दिवस खरंच छान होते.

मग २०२२ ला ऑफिस सुरू झालं. घोस्ट दिवसभर एकटा. सोफा फाडला, दरवाजा कुरतडला, आणि दुपारी असा काही हेल काढून रडायचा की सोसायटीचं पत्रच आलं. तेव्हा मी तेच केलं जे आपण सगळे करतो. आटपाडीला मामाला फोन लावला. "मामा, कुत्रं पाठवू का? गावाला मोकळा राहील."

आता ज्यांना माणदेश माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साताऱ्याचे माण-खटाव आणि सांगलीचं आटपाडी, हा सगळा कमी पावसाचा पट्टा. कुसळाची माळरानं, मेंढरं, धनगर. आणि लांडगे. हो, खरेखुरे. आपल्याला लांडगा म्हणजे बर्फातला प्राणी वाटतो, पण आपला भारतीय लांडगा अशा उघड्या माळावरच राहतो. अंगाने सडपातळ, रंग मातीसारखा. २०२१ च्या एका जनुकीय अभ्यासानुसार तो जगातल्या सर्वात जुन्या लांडगा-वंशांपैकी एक आहे. अख्ख्या देशात उरलेत साधारण तीन हजार. आपल्या एका आयटी पार्कात एका शिफ्टला याहून जास्त लोक पंच करतात!

दिवाळीला मी गावी गेलो. मामीने घोस्टचा "गोष्टू" केला होता आणि गोष्टू खुशीत होता. रात्री मोकळा, सकाळी परत. मलाही वाटलं, बरं केलं आपण. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रानात मेंढरं बसवली होती, तिथले म्हातारे आण्णा मला म्हणाले, "पावणं, त्ये कुत्रं तुमचं का? रातचं बांधत जावा. दोन रात्री झाल्या, लांडग्यांच्या मागं हिंडतंय."

मी हसलो. म्हटलं, घाबरता काय, लांडगे खातील म्हणून?

आण्णा हसले नाहीत. म्हणाले, "खाल्लं तर तुमचं कुत्रं जाईल. नाय खाल्लं तर आमचा लांडगा जाईल."

ज्यांची मेंढरं लांडगा नेतो, तो माणूस "आमचा लांडगा" म्हणत होता. मला तेव्हा त्यांचं बोलणं नीट कळलंच नाही. पुण्यात येऊन वाचलं तेव्हा घाम फुटला.

लांडगा आणि कुत्रा, दोघांचीही गुणसूत्रं ७८. त्यामुळे त्यांची पिल्लं खेचरासारखी वांझ नसतात, पुढे प्रजा वाढवतात. लांडग्यांची संख्या कमी झाली, जोडीदार मिळेना, आणि माळावर मोकाट कुत्री वाढली की संकर होतो. ही थिअरी नाही. पुण्याच्या आसपासच्या माळांवर असा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय पुराव्यानिशी प्रसिद्ध झालंय. आपल्या भाषेत सांगायचं तर हा कोड एकदा मेन ब्रँचमध्ये मर्ज झाला की रिव्हर्ट नाही. वर रेबीज आणि डिस्टेंपर आहेतच. २०१८ ला गीरमध्ये सिंह मेले त्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता.

म्हणजे ज्या वुल्फडॉगसाठी लोक वेडे होतात, तो आपल्या माळावर फुकट तयार होतोय, आणि त्याला आपण जबाबदार आहोत. पोल्ट्रीची मेलेली कोंबडी उघड्यावर फेकणारेही, आणि माझ्यासारखे "मोकळा राहील" म्हणणारेही.

आता मित्रा, तुझा प्रश्न. परदेशात वुल्फडॉगच्या जाती आहेत. चेकोस्लोव्हाकियात १९५५ साली लष्करी प्रयोग म्हणून जर्मन शेफर्ड आणि लांडगा यांचा संकर सुरू झाला, त्यातून एक जात तयार झाली. पण ती माणसं पिढ्यानपिढ्या निवड करत आली, आणि आजही हा प्राणी नवशिक्यासाठी नाही असंच पाळणारे सांगतात. एकटं राहवत नाही, कुंपण ठरत नाही, अनोळखी माणसाला बुजतो. आपल्याकडे लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे माळावरचं पिल्लू उचलून पाळणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. आणि "इम्पोर्टेड वुल्फडॉग" म्हणून जे विकलं जातं त्याचा भरवसा काय? २०२५ मध्ये बंगळूरच्या एकाने पन्नास कोटींचा वुल्फडॉग घेतल्याचं जाहीर केलं, पेपरात फोटो आले, मग ईडी दारात गेली आणि दावा फुसका निघाला.

तेव्हा माझं उत्तर नाही. आणि कुठलाही कुत्रा घेणार असशील तर आधी एवढंच स्वतःला विचार, की ऑफिस सुरू झाल्यावर हा कुठे असेल? उत्तरात "गावाला" हा शब्द आला तर घेऊ नकोस. गाव म्हणजे आपलं रिसायकल बिन नाही. तिथेही कुणीतरी राहतं, दोन पायांवर आणि चार पायांवरही.

घोस्टला मी त्याच आठवड्यात परत आणला. नसबंदी केली, लशी पूर्ण केल्या. दुपारी त्याच्यासाठी एक मुलगा येतो, त्याचे पैसे माझ्या बाईकच्या हप्त्याहून जास्त आहेत. गोव्याच्या दोन ट्रिपा बुडल्या. पहाटे साडेपाच मात्र चुकत नाही.

त्या दोन रात्री माळावर काय झालं, ते मला कधीच कळणार नाही. आटपाडीला गेलो की आण्णांना विचारतो, लांडग्याची पिल्लं दिसली का, कशी दिसतात? ते म्हणतात, "हायती की, लांडग्यावानीच हायती." दर वेळी हे ऐकून मला हायसं वाटतं, आणि पुढच्या वेळी मी परत विचारतो.

असो. घोस्ट दाराशी उभा राहून बोलायला लागलाय. निघतो.