चित्र एक, वाचक अनेक

धार जिल्ह्यातील बदनावर तालुक्यात, भैंसोला येथे पंतप्रधानांनी १७ सप्टेंबर २०२५ रोजी आरंभलेल्या 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' अभियानात क्षयरोगाची तपासणीही होती. या तपासणीसाठी छातीचे एक्स-रे संगणकाकरवी वाचण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अनुकूलता दर्शवली. मात्र अशा साधनाने डॉक्टरांची अचूकता वाढते का, हे केवळ हजारो एक्स-रे तपासून ठरत नाही. एकच चित्र एकाला निर्दोष, तर दुसऱ्याला संशयास्पद वाटते. म्हणून रुग्णारुग्णांतील फरकासोबत वाचकावाचकांतील फरकही हिशेबात धरणारी पद्धत डॉर्फमन, बर्बाउम व मेट्झ यांनी १९९२ मध्ये मांडली. मोजक्या निष्णातांवरून काढलेला निष्कर्ष तालुका रुग्णालयातील डॉक्टरला लागू पडेलच, असे नाही. यंत्र घेताना सरकारने चित्रे किती, यासह वाचक किती, हेही विचारावे.