किलोवर घालायचं नाही

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाई गावातल्या आमच्या शेडात शिरली आणि लेथच्या चकावर चार बोटं पाणी चढलं. पाणी उतरलं, चिखल वाळायच्या आत भंगारवाला दारात. "काका, काय ऱ्हायलंय आता ह्यात? किलोवर घाला आणि मोकळं व्हा." विश्रामबागेतला माझा इंजिनियर पोरगाही त्याचीच री ओढायला लागला. मी म्हटलं, लेथ म्हणजे काय भाकड म्हैस आहे, दूध आटलं की बाजार दाखवायला?

ओतीव लोखंड चार-पाच दिवस पाण्यात राहिलं म्हणून मरत नाही. त्याला मारतो आपला आळस. पाणी ओसरल्याबरोबर चिखल धुतला, पुसून तेल पाजलं, तर निम्मा गंज धरतच नाही. पण लोक भरपाईच्या रांगेत उभे राहतात आणि मग म्हणतात, मशीन गेलं. मीही राहिलो होतो, खोटं कशाला बोलू.

शेवटी लेथ टेंपोत घालून विश्रामबागेला पोराच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडात आणला. एकानं सल्ला दिला, बेडवर ग्राइंडर फिरवा, आरशासारखा होईल. होईल की! आरसा होईल आणि सरळपणा जाईल. मी बारीक पॉलिश पेपर, पातळ तेल आणि चिंध्या घेऊन महिनाभर बसलो. सुटे भाग मात्र काकवीनं सोडवले. गुऱ्हाळातली आंबलेली काकवी, तिच्या नऊपट पाणी, त्यात तीन आठवडे बुडवून ठेवायचे. गंज सुटतो, लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. वास मात्र असा, की सूनबाईनं मागचं दारच बंद करून टाकलं.

एवढं करून पुढच्या पावसाळ्यात बेडवर पुन्हा तांबूस थर! तेव्हा डोक्यात उजेड पडला. रात्री पत्रा गार पडतो, लोखंडही गार पडतं. सकाळी दमट हवा आत आली की दोन्हींना घाम फुटतो, आणि पत्र्याचा घाम पुन्हा लेथवरच टपकतो. आपल्याकडं बेदाण्याला कोल्ड स्टोरेज आहेत, हरिपुरात हळदीसाठी जमिनीत पेवं होती. माल कसा जपायचा हे सांगलीकराला शिकवायला नको. पण ज्या मशीनवर पोट चालतं ते उघड्या पत्र्याखाली!

आधी स्वस्तात म्हणून पत्र्याला आतून थर्माकोल चिकटवला. ग्राइंडरची एक ठिणगी उडाली आणि काळा धूर. ओलं पोतं हाताशी होतं म्हणून शेड वाचलं. थर्माकोल सुचवणाऱ्यांनी एकदा तो जळताना बघावा. मग पत्र्याखाली अर्ध्या हातावर सिमेंट शीटचं दुसरं छत घातलं, मधली हवा वाहती राहावी म्हणून दोन्ही टोकांना जाळी ठेवली आणि वरून पत्र्याला चुना दिला. पावसाळ्यात लेथवर ताडपत्री आणि आत एक जुना पिवळा बल्ब पेटता. आता घाम नाही.

पोरगा म्हणतो, "आबा, एवढ्या पैशात नवं छोटं मशीन आलं असतं." खर्चाचं त्याचं खरं आहे. उघडा पट्टा धोक्याचा, हेही खरं. त्याला जाळी मीच बसवली. पण नवं मशीन बिघडलं तर ते उघडणार कोण? हाच विश्रामबागेत शिकलेला इंजिनियर अंगठ्यानं बेअरिंगचा खुळखुळ ओळखत नाही.

इथून रेल्वेत बसलं की किर्लोस्करवाडी येते. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणरावांनी तो कारखाना उभा केला. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेत नव्हतं, लोखंडानं जमीन नासते म्हणून. आमच्या आज्यांना लोखंडाचा निदान धाक तरी होता. आता हायवेच्या धाब्यावर तोच नांगर लाल-पिवळा रंगवून दारात उभा करतात आणि त्याच्याशेजारी फोटो काढतात. त्यापेक्षा भंगारवाला बरा, तो निदान वितळवतो तरी.

माझ्या लेथचं एक गियर अजून मिळालेलं नाही. त्यावाचून आटे पाडता येत नाहीत, बुश तेवढे होतात. कुणाच्या अडगळीत चाळीस दात्यांचं पडलं असेल तर काट्यावर टाकण्याआधी मला हाक मारा.