मार्गदर्शन आधी अब्बा-अम्मींना

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये मार्गदर्शन मेळावे सुरू होतात. पाहुणे येतात, गुणवंतांना ट्रॉफी मिळते, मोठी स्वप्नं बघा असं सांगितलं जातं आणि चहा होतो. मुलं पुढच्या खुर्च्यांवर, अब्बा लोक मागे भिंतीला टेकून उभे आणि अम्मी बहुतेक वेळा घरीच. माझा आक्षेप या बसण्याच्या पद्धतीवर आहे. फी कुठून भरायची, मुलगी रोज बसने जाणार का, पहिल्या सत्रात विषय राहिले तर शिकवायचं की कामाला लावायचं, यातलं काहीही त्या पुढच्या खुर्च्यांवर ठरत नाही. ते मागच्या भिंतीपाशी आणि घरात ठरतं.

आमचं एकलहरे घ्या. औष्णिक वीज केंद्राचं गाव. २१० मेगावॅटचे संच, कोळशाच्या वाघिणी, राख आणि त्यावर चालणारी कायम व कंत्राटी कामगारांची घरं. शिवारातच मातोश्री अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, म्हणजे कॉलेज लांब पडतं ही सबबही नाही. मी दर उन्हाळ्यात काही घरांत प्रवेशाचे फॉर्म भरायला बसतो. तिथे अडचण अंतराची नसते. बाप हातात फाईल घेऊन बसलेला असतो आणि मुलगा म्हणतो, "अब्बा, तुम्हाला नाही कळणार." रात्रपाळीत बॉयलरशेजारी उभं राहून ज्याने आयुष्य काढलं, त्याला संगणकावरची चार पानं कळणार नाहीत हे आपणच ठरवून टाकलं आहे.

उलट काही कामं फक्त बापालाच जमतात. तांबोळी, पिंजारी, बागवान, अत्तार, मणियार अशा आपल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. पण जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी करायची तर १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख आडवी येते. त्या तारखेच्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात होतं हे दाखवावं लागतं आणि जातीची त्याआधीची जुनी नोंद सगळ्यात भक्कम धरली जाते. दादा कोणत्या गावच्या शाळेत, कितवीपर्यंत शिकले, हे अठरा वर्षांच्या पोराला कुठून माहीत असणार? त्यात जुन्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं निघालं की पुढची शोधाशोध वेगळीच. चुलत घराण्यात कुणाचा दाखला आहे का, महसुली कागदात काही सापडतं का, हे हेलपाटे महिनोन् महिने चालतात. म्हणून मी अब्बांना सांगतो की मूल अकरावीत गेलं की हे काम हातात घ्या. निकालानंतर सेतू केंद्रासमोर रांगेत उभं राहून काही होत नाही.

(२०१४ मध्ये मुस्लिमांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला होता. शिक्षणातला भाग उच्च न्यायालयाने अडवलाही नव्हता. सरकार बदललं आणि अध्यादेश आपोआप संपू दिला गेला. त्यावर भांडत राहिलंच पाहिजे. पण आज जे मिळू शकतं त्याचा कागद तयार नसणं, हे वेगळं दुखणं आहे.)

दुसरी गोष्ट एजंटची. "कॉलेजात आपली ओळख आहे, सीट पक्की करून देतो," असं म्हणणारा प्रत्येक गावात भेटतो. घाबरलेला बाप दागिने मोडून त्याला पैसे देतो. पण शासनाची फी सवलत केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून मिळालेल्या जागेलाच लागू होते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. एजंटच्या वाटेने गेलेली मुलगी हे सगळं गमावते. मुलीला शिकवणं परवडत नाही असं म्हणणाऱ्या घरात हा नियम आधी अम्मीला समजला पाहिजे. माझा अनुभव असा की तिला एकदा हिशेब पटला की घरातला वाद ती स्वतःच मिटवते.

आणि मग येतं पहिलं सत्र. खरी पडझड इथे होते. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेलं मूल एकदम इंग्रजीत गणित ऐकू लागतं. एम-वन राहतो, सोबत आणखी एखादा. मूल घरी सांगत नाही. मग कुणाकडून तरी कळतं आणि घरात एकच शब्द ऐकू येतो: नापास. दहावी-बारावीत नापास म्हणजे वर्ष गेलं, एवढंच पालकांना माहीत. विद्यापीठात एटीकेटी असते, ठरलेल्या मर्यादेत विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसता येतं, तो विषय पुन्हा देता येतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मुलगा मामाच्या गॅरेजवर जातो, मुलीसाठी स्थळं येऊ लागतात. दोन विषयांपायी.

केंद्रात कंत्राटावर असलेल्या एका चाचांना मी हे त्यांच्याच भाषेत सांगितलं. संच ट्रिप झाला की तुम्ही काय करता? ते म्हणाले, "कशाने झाला ते बघतो, दुरुस्त करतो, परत चालू करतो." भंगारात नाही ना काढत? ते हसले. मग मुलाकडे वळून त्यांनी पहिल्यांदा नेमका प्रश्न विचारला: "किती विषय अडकले आणि परत परीक्षा कधी?" मुलाने खरं उत्तर दिलं. रागावलेल्या बापाला ते मिळालं नसतं.

मुलींच्या बाबतीत अम्मींच्या भीतीची टिंगल करणारे आपल्यात बरेच आहेत. मला ती भीती खोटी वाटत नाही. न पाहिलेल्या जागेची भीती कुणालाही वाटेल. त्यांना एकदा त्याच बसने कॉलेजात घेऊन जा. मुलींची खोली, कॅन्टीन, तक्रार समितीचा फलक दाखवा. रॅगिंगविरोधी हमीपत्रावर पालकांचीही सही घेतात. ते इंग्रजी हमीपत्र सही करण्याआधी त्यांना मराठीत वाचून दाखवा. आपण कशावर सही करतोय आणि काही घडलं तर कुणाकडे जायचं, हे समजलं तर त्या रोज दहा फोन करणार नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी: जूनचा मेळावा हवा तर ठेवा, पण त्यातला निम्मा खर्च वाचवून पहिल्या सत्राच्या निकालानंतर दुसरी बैठक घ्या. फक्त पालकांची. पाहुणा नको, हार नको. आपल्यातल्या दोन-तीन इंजिनिअर पोरांनी गुणपत्रिका कशी वाचायची ते फळ्यावर दाखवावं. वेळ रविवारी दुपारची ठेवा, रात्रपाळीवाल्यांची झोप झालेली असते. आणि पुढच्या दोन रांगा अम्मींसाठी.