मांडव चार दिवसांचा, करंट मात्र खराच!

मंडळी, आज जरा भांडायचं ठरवलंय. कुणा माणसाशी नाही, आपल्या सगळ्यांच्या लाडक्या एका वाक्याशी: "काई होत नाई, राजेहो!"

आमच्या संग्रामपूर तालुक्यात वर्षभर कुठे ना कुठे मांडव पडलेलाच असतो. लग्न, सप्ताह, गणपती, देवी, तेरवी... कारण कुठलंही असो. मांडवाचं कापड कुठल्या रंगाचं, पंगतीला रोडगे की पोळ्या, बँड किती वाजता येणार, यावर घराघरांत आठ-आठ दिवस चर्चा झडतात. पण या मांडवात वीज कुठून येणार, कशी येणार, हे मात्र कुणीच विचारत नाही. ती 'येते'. कुणीतरी पोरगा शिडी लावतो, दोन वायरी कुठेतरी अडकवतो, बल्ब लागतो, टाळ्या पडतात. झालं!

माझं म्हणणं एवढंच आहे. मांडवात जाणाऱ्या विजेच्या मुळाशी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर तो मांडव अजून पुरा झालेला नाही. मग झालर कितीही भारी असू द्या.

"पण ब्रेकर आहे की!" हे उत्तर तर पाठच आहे. इथेच खरी गोची आहे. आपण ज्याला नुसतं ब्रेकर म्हणतो तो एमसीबी. तो वायरीला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी शॉर्टसर्किट झालं की लगेच पडेल, भार फार वाढला तर थोड्या वेळाने पडेल. पण माणसाच्या अंगातून अँपिअरचा दहावा हिस्सा गेला तरी हृदय थांबायला तो पुरेसा असतो, आणि एमसीबीच्या लेखी एवढा करंट म्हणजे एक बल्बसुद्धा नाही. माणूस खांबाला चिकटलेला असतो आणि ब्रेकर शांत बसलेला असतो.

आरसीसीबीचं काम वेगळं. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, याचा तो सतत हिशोब ठेवतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा जमिनीत चाललाय असं समजून सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत पुरवठा तोडतो. एमसीबी आणि आरसीसीबी, दोन्ही पाहिजेत. एकाचं काम दुसरा करत नाही.

आता दुसरं लाडकं वाक्य: "चारच दिवसांचा तर मांडव आहे." अहो, म्हणूनच तर धोका जास्त! घरात वायर भिंतीत पुरलेली असते, पायाखाली कोरडी फरशी असते. मांडवात सगळे खांब लोखंडी पाइपाचे. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारलेलं. वायर सतरंजीखालून गेलेली, जोडावर चिकटपट्टी. आचाऱ्याच्या बाजूला भांडी धुतल्याचा चिखल. पंगतीत वाढणारी पोरं अनवाणी. आणि मे महिन्यात आपल्याकडे कूलरशिवाय लग्न होतच नाही. पत्र्याचा कूलर, आत पाण्यात बुडालेला पंप, बाहेर दोन पिनांचा प्लग! त्यातून आपल्या तालुक्यातली कितीतरी गावं पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा वीज जास्त चांगली वाहून नेतं, हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे.

आणि आकडा! आकडा टाकला म्हणजे वरच्या तारेत आणि तुमच्या मांडवात एकही बटण नाही. कधी तर फक्त फेज घेतात आणि न्यूट्रल म्हणून जमिनीत सळई ठोकतात. त्या सळईभोवतालची ओली जमीनच करंट धरते. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे, ती गोष्ट वेगळीच. महावितरण मांडवासाठी तात्पुरती जोडणी देतं. लग्नाच्या खर्चात तिचं बिल शोधूनही सापडणार नाही.

यावर कुणी म्हणेल की हा साहेब शहरातले नियम गावात आणतोय. तर ऐका. इंग्लंडात लोक कॅरॅव्हॅन घेऊन सुट्टीवर जातात आणि तिच्या बाजूला कापडी मांडवच लावतात. हो, मांडवच तो! तिथे मुक्कामाच्या जागी खांबावर निळं, तीन पिनांचं, १६ अँपिअरचं, पावसात चालणारं सॉकेट असतं, आणि प्रत्येक सॉकेटमागे ३० मिलीअँपिअरचं संरक्षण. चार माणसांच्या तंबूला जे लागतं, ते हजार माणसांच्या पंगतीला का नको?

आपल्याकडे काय होतं तेही बघा. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या कार्यक्रमाचा शामियाना विजेच्या ठिणगीने पेटला. कृत्रिम धाग्याचं कापड होतं. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात शाळेची लेकरं कितीतरी. त्यांचाही मांडव एका दिवसाचाच होता.

"आरसीसीबी लावला होता, पण सारखा पडत होता, म्हणून काढला." हे मी स्वतः, आमच्याच नात्यातल्या एका लग्नात, वायरमनच्या तोंडून ऐकलंय. भुंकतो म्हणून राखणीचं कुत्रं हाकलायचं, यातलाच हा प्रकार. तो पडतोय म्हणजे कुठला तरी कूलर किंवा जोड करंट सोडतोय. एकेक उपकरण काढून बघा, चोर सापडतो.

मांडववाल्यावर सगळं ढकलणंही मला पटत नाही. आपण खुर्चीमागे रुपया-दोन रुपये तोडायला भाव करतो आणि त्याच्याकडून सुरक्षितता फुकट मागतो. तो देणार कुठून? एक आरसीसीबी साधारण दोन-तीन हजारांत येतो आणि वर्षानुवर्षं चालतो.

तेव्हा पुढचा मांडव ठरवताना यजमानांनी या गोष्टी तोंडाने मागाव्यात. वीज मीटरवरून किंवा तात्पुरत्या जोडणीतून. सुरुवातीलाच आरसीसीबी, आणि पाहुणे यायच्या आधी त्याचं टेस्टचं बटण आपल्यासमोर दाबून दाखवायचं. अख्खी तीन तारांची केबल, डोक्यावरून नेलेली, मधे जोड नाही. कूलर आणि लोखंडी खांब अर्थ केलेले, म्हणजे कुणाचा हात लागायच्या आधीच पुरवठा तुटेल. जनरेटर असेल तर त्याचा न्यूट्रल अर्थ केलेला हवा, नाहीतर आरसीसीबी असून नसल्यासारखा. आणि मधे चेंजओव्हर स्विच, नाहीतर तुमचा करंट उलटा लाइनवर जाऊन खांबावरच्या लाइनमनचा जीव घेईल.

मागितलं तर काही लोक हसतील. हसू द्या. येत्या लग्नसराईत भाऊबंदांपैकी ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांच्याकडे मी अक्षता टाकायच्या आधी ते बटण दाबून बघणार आहे. राग मानू नका.