परिघावरून क्षेत्रफळ

गेल्या परीक्षेंत एक साधेंच उदाहरण घातलें होतें: वर्तुळाचा परिघ ४४ सेंटिमीटर आहे, तर त्याचें क्षेत्रफळ किती? 'पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग' हें सूत्र बहुतेक सर्वांस मुखोद्गत होतें. तरी कित्येकांनीं त्रिज्येच्या जागीं ४४ हीच संख्या घालून सहा हजारांहून अधिक चौरस सेंटिमीटर असें उत्तर काढिलें. एवढ्याशा ताटलीस लहान टेबलाएवढें क्षेत्र! एका पालकांनीं मजकडे येऊन, "सूत्र बरोबर असतां गुण कां कापले?" असें विचारिलें. त्या वेळीं त्यांस जें नीट सांगतां आलें नाहीं, तें येथें लिहितों.

माझ्या मतें ह्यांत दोष मुलांचा थोडा व आम्हां शिक्षकांचा फार आहे. आम्ही त्रिज्या नेहमीं आयती हातीं देतों. व्यवहारांत ती क्वचितच मिळते. वडाच्या बुंध्यास दोरी गुंडाळतां येते, त्याच्या पोटांतून पट्टी घालतां येत नाहीं. भरलेली कणगी, दगडी खांब, खळ्यावरील धान्याची रास, ह्यांचीहि तीच गोष्ट.

राशीचा विचार तर भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मधील 'लीलावती'त मुद्दाम केला आहे. राशीच्या परिघाचा सहावा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करावा व त्यास उंचीनें गुणावें, म्हणजे घनफळ येतें. उंचीहि परिघावरूनच घ्यावयाची: जाड धान्याची दशांश, बारीक धान्याची अकरावा हिस्सा, कुसळांच्या धान्याची नववा. पाय ३ धरिल्यास परिघाचा सहावा हिस्सा ही त्रिज्याच होय. आणि शंकूच्या घनफळांतील एक तृतीयांश त्या ३ बरोबर उडून जातो. पवित्र शास्त्रांत शलमोन राजाच्या ओतीव गंगाळाचा व्यास १० हात व परिघ ३० हात सांगितला आहे, तोहि असाच स्थूल हिशेब. भास्कराचार्यांस सूक्ष्म मान ठाऊक नव्हतें असें मात्र कोणीं समजूं नये. ३९२७/१२५० हें सूक्ष्म व २२/७ हें व्यवहारापुरतें, अशीं दोन्ही मानें त्याच ग्रंथांत आहेत.

आतां कागदाचें एक वर्तुळ घ्या, त्याच्या मध्यापासून बारीक फोडी कापा व एक उभी, एक उलटी अशा शेजारीं शेजारीं मांडा. जवळजवळ आयत तयार होतो. फोडी जितक्या बारीक तितका आयत अधिक सरळ. त्याची लांबी अर्धा परिघ, रुंदी त्रिज्या. अर्ध्या परिघास अर्ध्या व्यासानें गुणावें, हा नियम आर्यभटांनीं इ. स. ४९९ मध्येंच दिला आहे. आपल्या उदाहरणांत ४४ भागिले ४४/७ म्हणजे त्रिज्या ७. आणि २२ गुणिले ७ म्हणजे १५४ चौरस सेंटिमीटर. परिघाच्या वर्गास ७/८८ नें गुणिल्यासहि हेंच उत्तर येतें, पण हें आणखी एक सूत्र पाठ करविण्याच्या मी विरुद्ध आहें.

दोरी मात्र ताणून धरावी. ४४ च्या जागीं ४५ मोजले गेले तर क्षेत्रफळ १६१ च्या वर जातें; परिघांतील चूक क्षेत्रफळांत सुमारें दुप्पट होऊन बसते.

त्या मुलाचे गुण मीं वाढविले नाहींत. त्याच्या वडिलांस एवढीच विनंति केली कीं, सुटींत त्याजकडून घरची कणगी मोजवून घ्यावी, आणि आंत धान्य किती मावेल हें ती उघडण्यापूर्वीं त्यास विचारावें.